एका पुस्तकात एकच बेट

पत्र

नमस्कार ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही चार वर्षं पोर्ट ब्लेअरला राहिलो. परत आल्यावर वर्गात तिथल्या गोष्टी सांगायला लागले. मुलं इतकी रमली की त्या गोष्टी कागदावर उतरवल्या. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी 48 पानांचा खर्डा तयार झालाय, सोबत पाठवते आहे. अंदमान-निकोबारचे 31 प्राणी-पक्षी त्यात आहेत. शिवाय सेल्युलर जेल, त्सुनामी, जारवा आणि निकोबारी हे तिथले आदिवासी, सगळं आहे. एका प्रकाशकांना दाखवला. ते म्हणाले, जेलची दोन पानं वाढवा आणि आदिवासी जास्त दाखवा, मुलांना गंमत वाटते. मला ते खटकलं, पण का खटकलं ते धड सांगता येईना. जारवा मुलांची चित्रं पुस्तकात असावीत का? मी काही तिथे जन्मलेली नाही, मग तिथल्याविषयी लिहायचा मला हक्क आहे का? आणि या प्राण्यांना मराठी नावं कुठून आणायची?

ता.क. तिथल्या शेजाऱ्यांची तिसरीतली मुलगी मला किनाऱ्यावरचा शंख उचलू द्यायची नाही. "आंटी, किसी का घर है," म्हणायची. तिची अजून आठवण येते.

उत्तर

प्रिय बाई,

शिक्षिकेला दुसरी हाक मारायला माझी जीभ वळत नाही, म्हणून बाईच म्हणते. तुमचा खर्डा दोनदा वाचला, एकदा सलग आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. त्या बेटांवर तुमचा जीव जडलाय हे पानापानावर दिसतं. माहितीही बहुतेक पक्की आहे. तरी हे पुस्तक आहे तसं छापू नका, असं मी सांगणार आहे. ते कष्ट वाया गेले असं मात्र समजू नका. या एका खर्ड्यात मला चार पुस्तकं दिसताहेत आणि ती एकमेकांच्या अंगावर बसल्यामुळे एकालाही श्वास घेता येत नाहीये.

48 पानांत 31 प्राणी, वर जेल आणि त्सुनामी, म्हणजे एकेकाच्या वाट्याला धड दीड पानही येत नाही. नवव्या पानावर समुद्रगाय येते, समुद्रातलं गवत खाते आणि चार ओळींत निघून जाते. दहाव्यावर लगेच खाऱ्या पाण्यातली मगर, अकराव्यावर पाकोळ्या. सगळ्यांची तोंडओळख होते, गट्टी कोणाशीच जमत नाही. वर्गात तुम्ही अशा सांगत नसणार. एका दिवशी एकाच प्राण्याला घेऊन बसत असाल, मुलं मध्येच "मग पुढे काय झालं?" विचारत असतील, तुम्ही थांबत असाल. म्हणून तर ती रमली. लिहायला बसल्यावर वर्ग बाजूला राहिला आणि सामान्यज्ञान पुढे आलं.

यापेक्षा मोठी अडचण पान 4-5 वरच्या चित्रात आहे. एकाच झाडावर नारकोंडमचा धनेश, झाडाखाली निकोबारचा मेगापोड नावाचा जमिनीवर राहणारा पक्षी, फांदीवर माकड आणि मागे चितळांचा कळप. चित्र देखणं होईल यात शंका नाही. पण हे चौघे असे कधीच भेटत नाहीत. तो धनेश जगात फक्त नारकोंडमवर राहतो. उत्तर अंदमानच्या पूर्वेला, शंभराहून जास्त किलोमीटरवर असलेलं ते जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीचं बेट. मेगापोड टेन डिग्री चॅनेलच्या, म्हणजे अंदमान आणि निकोबारमधल्या समुद्रपट्ट्याच्या दक्षिणेला, निकोबारमध्ये. माकडंही मूळची निकोबारचीच, अंदमानच्या जंगलात मुळात माकड नव्हतंच. आणि चितळ तर इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलेले. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तिथे नाही, त्यामुळे ते वाढतच गेले आणि जंगलाची कोवळी रोपं खाऊन टाकताहेत.

ही नुसती भूगोलाची चूक असती तर मी समासात एक खूण करून पुढे गेले असते. बेट म्हणजे काय, याचाच हा प्रश्न आहे. चहूबाजूंनी पाणी ही झाली परीक्षेतली व्याख्या. मुलाला बेट कळतं ते "हा पक्षी इथेच आहे, पलीकडच्या बेटावरसुद्धा नाही" हे कळल्यावर. मधे समुद्र आहे म्हणून इथला प्राणी तिथे गेला नाही, तिथला इथे आला नाही, आणि हजारो वर्षांत दोघे आपापल्या वाटेनं वेगळे झाले. ही बेटं सातशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या साखळीत पसरली आहेत. एका चित्रात ती सगळी कोंबली की समुद्रच नाहीसा होतो. म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात आग्रहाची सूचना ही, की एका पुस्तकात एकच बेट घ्या आणि त्या बेटावरचा एकच जीव. दोन फर्मे, म्हणजे 32 पानं, पुष्कळ झाली. उरलेले 30 प्राणी कुठे पळून जात नाहीत.

आता तुमचंच एक पान घेते. पान 17. तुम्ही लिहिलंय:

"निकोबार मेगापोड हा जमिनीवर राहणारा दुर्मीळ पक्षी आहे. तो वाळू व पालापाचोळा यांचा ढिगारा करून त्यात अंडी घालतो. तो फक्त निकोबार बेटांवर आढळतो. आपण त्याचे रक्षण केले पाहिजे."

चारही वाक्यं खरी आहेत. पण या पक्ष्याची खरी नवलाई यात कुठेच नाही. तो अंड्यांवर बसत नाही! किनाऱ्यालगतच्या जंगलाच्या कडेला वाळू, पानं, काटक्या, पोवळ्यांचा चुरा असं पायांनी मागे फेकत फेकत तो ढीग रचतो. ढिगातली पानं कुजतात आणि त्या कुजण्याची ऊब अंड्याला मिळते. शाळेच्या खतखड्ड्यात काठी खुपसून बाहेर काढली की ती कोमट लागते ना, तीच ही ऊब. दोन महिन्यांहून जास्त काळ अंडं त्या ढिगात खोल पडून असतं. मग पिल्लू आतल्या आत कवच फोडतं आणि माती उकरत एकटंच वर येतं. अंगावर पिसं फुटलेली असतात. वर कोणी वाट बघत नसतं. ते लगेच धावायला लागतं आणि थोड्याच वेळात उडूही शकतं. आई-बाबांना भेटण्याचा प्रसंगच येत नाही.

सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कुठे जाऊन भिडेल, याचा विचार करा. त्याला रोज कोणीतरी उठवतं, भरवतं, शाळेत सोडतं. त्याला मी हे असं वाचून दाखवेन. एकेक ओळ एकेका पानावर:

समुद्र इथून ऐकू येतो.

झाडांच्या कडेला एक ढीग आहे. तुझ्या कमरेएवढा.

हात जवळ ने. ऊब लागते?

आत, खूप आत, एक अंडं आहे. त्याच्यावर कोणीच बसलेलं नाही.

पाऊस येतो. पाऊस जातो. पानं कुजतात. अंडं उबतं.

एक दिवस ढीग हलतो.

माती. माती. माती. मग उजेड.

पिल्लू इकडे बघतं. तिकडे बघतं. आणि पळत सुटतं.

रक्षण करा, असं यात कुठे म्हटलेलं नाही. हे ऐकलेल्या मुलाला ते सांगावं लागत नाही. "दुर्मीळ" हा शब्दही मी काढला, कारण सात वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ फक्त "अवघड" एवढाच लागतो.

या पक्ष्याशी माझी जुनी आठवण जोडलेली आहे आणि ती सुखाची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी संपादित केलेल्या एका पुस्तकात चित्रकारानं मेगापोडची आई पिल्लाच्या चोचीत किडा भरवताना दाखवली होती. चित्र इतकं गोड उतरलं होतं की मला मोडवलं नाही, मी ते जाऊ दिलं. पुढे एका वाचनालयात ते पुस्तक वाचून दाखवत होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण तुम्ही आत्ताच वाचलंत की आई येत नाही." तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपण फसवले गेलो, असं त्या चेहऱ्यावर होतं. मुलांच्या पुस्तकात माहिती शब्दांत खरी आणि चित्रात खोटी असून चालत नाही हे तेव्हा कायमचं कळलं. चित्रकाराला प्रत्येक चित्रासाठी फोटो द्या, कच्ची रेखाटनं त्या प्राण्यावर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला दाखवा, आणि रंग भरायच्या आधी दाखवा. नारकोंडमच्या धनेशात नराचं डोकं-मान तांबूस असतं आणि मादीची काळी. तुमच्या खर्ड्यात ढोलीत बसलेल्या मादीला चुकून नराचा रंग दिलाय. घरट्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून फळं पुरवतो. त्यामुळे रंग बदलला की गोष्टच उलटी होते.

आता जारवांविषयी. तुम्हाला जे खटकलं ते अगदी बरोबर होतं, बाई.

पान 27 वर बाराटांग बेटाला जाताना गाडीच्या काचेतून दिसलेली दोन जारवा मुलं आहेत. ती रस्त्याकडे बघताहेत. हे चित्र काढून टाका. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायला मनाई असते, आणि त्यांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. आदिम जमातींच्या संरक्षणासाठी तिथे 1956 पासून नियम आहेत, पुढे ते आणखी कडक झाले. हाताने काढलेलं चित्र त्या नियमात बसतं की नाही, याच्या खोलात मी जात नाही. मला त्यामागचं कारण महत्त्वाचं वाटतं. त्या मुलांना कोणी विचारलेलं नाही आणि विचारण्याची सोयही नाही. आपल्या पुस्तकात त्यांना कसं दाखवलंय, हे ती कधी बघणार नाहीत. जी माणसं हो किंवा नाही म्हणू शकत नाहीत, त्यांना मुलांच्या करमणुकीसाठी पानावर उभं करू नये. बाहेरच्यांना जवळ येऊ न देणाऱ्या सेंटिनल बेटावरच्या लोकांचंही तेच. बाण मारणाऱ्या माणसांचं चित्र मुलांना थरारक वाटेल, आणि तेवढंच त्यांच्या डोक्यात आयुष्यभर राहील.

"गंमत वाटते" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1858 मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी या तिथल्याच आदिवासींची माणसं काही हजार होती. बाहेरून आलेल्या रोगांनी ती माणसं अशी गेली की 1961 च्या जनगणनेत 19 उरली होती. आज जारवांपासून लांब राहायला सांगतात ते याच अनुभवामुळे. सहा वर्षांच्या मुलाला हा आकडा सांगायची गरज नाही. पण लिहिणाऱ्यानं तो डोक्यात ठेवूनच लिहायला बसावं.

मग त्या लोकांचा पुस्तकात काही मागमूसच नको का? हवा. जे त्यांनी स्वतः सांगितलंय, ते सांगता येतं. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी वृद्धांकडून शब्द, गाणी आणि गोष्टी नोंदवून घेतल्या आहेत. पक्ष्यांची नावंसुद्धा! पक्षी हे आपलेच पूर्वज, असं त्यांच्या गोष्टी सांगतात. त्यांच्यातली बोआ ही आजी 2010 च्या जानेवारीत वारली. बो भाषा बोलणारी ती शेवटची. तिच्या भाषेत बोलायला माणूस उरला नाही तेव्हा ती पक्ष्यांशी बोलायची. मला वाटतं, मोठ्या झालेल्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे सांगावं. एका आजीच्या तोंडची भाषा आणि ती समजणारे पक्षी. पण ते स्वतंत्र पुस्तक होईल. त्यासाठी अभ्यासकांची रीतसर परवानगी घ्या आणि गोष्ट कोणी सांगितली, कोणी नोंदवली, ते पहिल्याच पानावर ठळक छापा.

निकोबारी लोकांची गोष्ट थोडी वेगळी. ते शिकलेले आहेत, नोकऱ्या करतात, त्यांची मुलं शाळेत जातात, उद्या त्यांच्यापैकी कोणीही तुमचं पुस्तक हातात घेईल. पान 33 वरचं "निकोबारी लोक नाचतात आणि डुक्कर खातात" हे वाक्य त्या मुलानं वाचलं तर? तुम्ही निकोबारला गेला होता का, हे खर्ड्यावरून कळत नाही. बाहेरच्यांना तिथे पास काढल्याशिवाय जाता येत नाही. गेला नसाल तर ते पान आत्ता बाजूला ठेवा आणि एखाद्या निकोबारी शिक्षिकेशी ओळख काढा. ती सांगेल कशाबद्दल लिहायचं. त्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबाला तुहेत म्हणतात. कार निकोबारची खांबांवर उभी असलेली गोल, घुमटासारखी शाकारलेली घरं चित्रात किती छान दिसतील! आणि त्यांची नाव. तिला होडीच म्हणतात, आपलाच शब्द! उलटू नये म्हणून होडीला बाजूनं जे लाकूड बांधतात त्याला आपल्या किनाऱ्यावरचे लोक उलांडी म्हणतात. तुम्ही "बाजूला आधार असलेली बोट" लिहिलंय. उलांडी लिहा. मुलाला एक नवा शब्द मिळेल आणि दोन किनारे जोडले जातील.

यावरून नावांच्या प्रश्नाकडे वळते. जिथे शब्द आहे तिथे तो वापरा आणि जिथे नाही तिथे साधं सांगा. समुद्रगाय, धनेश, पाकोळी, पोवळं, तिवर, खाजण हे आपल्याकडे आहेत. चुनखडीच्या गुहेत लाळेचं घरटं बांधणारी आणि अंधारात टिकटिक आवाज करून वाट काढणारी ती पाकोळीच. नारळी खेकडा आणि चामडी पाठीचं कासव ही नावं मुलं पहिल्यांदा ऐकतील, पण ऐकताक्षणी चित्र उभं राहील. मेगापोडला मेगापोडच म्हणा. तुम्ही त्याला "महापाद कुक्कुट" केलंय. ते वर्गात मोठ्यानं म्हणून बघा, म्हणजे कळेल. गावांच्या आणि बेटांच्या नावांबाबत एक काळजी घ्या. हॅवलॉकचं 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम. नकाशावर आजची नावं हवीत. गोष्टीत माणसं त्या वेळी जे म्हणत होती तेच म्हणू देत.

जेलची पानं सगळीच काढा. ते बांधकाम 1896 ते 1906 चं, आणि आत जे घडलं ते सहा वर्षांच्या मुलाला दोन पानांत सांगण्यासारखं नाही. बारा वर्षांच्या मुलाला नीट, सविस्तर सांगावं, आणि तशी पुस्तकं मराठीत आहेतही. आपल्याकडे अंदमान म्हटलं की काळं पाणी एवढंच पिढ्यानपिढ्या समोर येतं. त्या पाण्यात समुद्रगाय पोहते, हे सांगायला कोणीतरी हवंच होतं आणि ते तुम्ही करताय. प्रकाशक जेलचा आग्रहच धरत असतील तर दुसरे बघा.

हक्काचा प्रश्न तुम्ही विचारलात याचंच मला बरं वाटलं. चार वर्षं राहिलात, तेवढा हक्क तुम्हाला आहे. फक्त जिथे उभ्या होतात तिथूनच लिहा. खर्डा वाचताना मला सारखं एक जाणवत होतं. जारवा आहेत, सेंटिनली आहेत, कैदी आहेत, पण ज्यांच्या शेजारी तुम्ही चार वर्षं कपडे वाळत घातलेत ती माणसं 48 पानांत कुठेच नाहीत. तिथली संस्कृती तर तीच आहे की! सुटून तिथेच राहिलेल्या कैद्यांची नातवंडं-पतवंडं, ज्यांना तिथे लोकल बॉर्न म्हणतात. फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं. जंगलकामासाठी छोटा नागपूरहून नेलेले, ज्यांना सगळे रांचीवाले म्हणतात. मायाबंदरजवळ 1925 पासून राहणारे, ब्रह्मदेशातून आलेले कॅरन जमातीचे लोक. तमिळ, तेलुगू, मल्याळी. आणि या सगळ्यांची मिळून झालेली ती अंदमानी हिंदी, जी तुमच्या त्या मुलीच्या तोंडी आहे. आणलेले चितळ, लाकडं ओढायला नेलेले आणि पुढे इंटरव्ह्यू बेटावर रानटी झालेले हत्ती, बोटीतून आणलेले पणजोबा. कोण मूळचं, कोणाला आणलं आणि कोण आपणहून आलं, हा एकच धागा तिथल्या माणसांतून आणि जनावरांतून जातो. हत्तींवर एक सबंध पुस्तक लिहिता येईल.

त्सुनामीचं पान राहू द्या, पण मेगापोडच्या पुस्तकात न्या. 26 डिसेंबर 2004 ला किनाऱ्यावरचे कितीतरी ढीग वाहून गेले. नंतर पक्षी पुन्हा पाय मागे फेकत ढीग रचायला लागले. मुलांना आपत्तीविषयी एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया खाडीत, जिथे चामडी पाठीची कासवं अंडी घालायला येतात, तिथे मोठं बंदर होऊ घातलंय. ते शेवटच्या पानावर पालकांसाठी बारीक अक्षरात लिहा. गोष्टीत नको, पण लपवूही नका.

आणि आता तुमची ता.क. ती मी चार वेळा वाचली.

त्या मुलीला कोणी शिकवलं असेल हे? पोवळी आणि कित्येक शंख कायद्यानं संरक्षित आहेत, तशा पाट्या तिथे लावलेल्या असतात. पण तिनं पाटी वाचून दाखवली नाही. किसी का घर है म्हणाली. तिला माहीत होतं की शंखातल्या खेकड्याचं मागचं अंग मऊ असतं आणि रिकामा शंख मिळाला नाही तर त्याला लपायला जागा नसते. तो वाढतो तसा शंख लहान पडतो, मग मोठा शोधावा लागतो. कधीकधी किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख सापडला की खेकडे लहान-मोठ्या क्रमानं रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या घरात शिरला की त्याच्या मागचा त्याच्या जुन्या घरात, त्याच्या मागचा त्याच्या. एका शंखामुळे अख्ख्या रांगेला घर मिळतं. आणि तोच शंख कोणी पिशवीत घालून नेला तर अख्खी रांग जुन्याच, लहान पडलेल्या घरांत अडकून राहते. नारळी खेकडाही लहानपणी असाच शंखात राहतो. मग एक दिवस शंख सोडतो आणि वाढत वाढत चार किलोपर्यंत जातो. तो मोठा झाल्यावर पाण्यात बुडून मरू शकतो, इतका जमिनीचा होतो.

तुमच्या खर्ड्यात नारळी खेकडा पान 12 वर आहे, तीन ओळींत. शंखातला खेकडा नाहीच. ती मुलगीही नाही.

पहिलं पुस्तक हेच लिहा. एक किनारा, एक शंख, एक परगावाहून आलेली बाई आणि तिचा हात धरून थांबवणारी तिसरीतली मुलगी. तिचं वाक्य हिंदीतच राहू द्या, मराठी मुलांना ते कळतं. तिच्या घरच्यांना फोन करा, लिहू का विचारा, नाव बदला आणि खर्डा सगळ्यात आधी तिला वाचून दाखवा. ती आता मोठी झाली असेल, काय चुकलंय ते नेमकं सांगेल.

लिहायला बसण्याआधी मला एवढं कळवा. तिनं थांबवल्यावर तुम्ही तो शंख कुठे ठेवला होता, पाण्याजवळ की झाडांच्या सावलीत? आणि ठेवल्यावर तो चालायला लागला का?